अमोनियाचं सर्टिफिकेट देणाऱ्यांनो, परीक्षा एकदा व्हॉल्व्हसमोर घ्या

अमोनिया रेफ्रिजरेशनच्या, म्हणजे अमोनिया वापरून थंडावा करणाऱ्या प्लांटच्या, ऑपरेटर-टेक्निशियन लोकांना ट्रेनिंग देणाऱ्या संस्था, त्यांची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणारी मंडळं, आणि ते सर्टिफिकेट ऑडिटच्या फाईलला लावून मोकळे होणारे प्लांट मालक, मॅनेजर, सेफ्टीवाले, सगळ्यांना नमस्कार.

मी कॉम्प्रेसर रूममधला माणूस. लिहायची फारशी सवय नाही, त्यामुळे वाक्यं लांबली तर सांभाळून घ्या. नवीन पोरं प्लांटवर आली की ती माझ्यासारख्यांच्या हाताखाली येतात, तुमचं सर्टिफिकेट खिशात घेऊन, आणि मग आमचं काम सुरू होतं. पोरं हुशार असतात, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं तुमच्या परीक्षेबद्दल आहे. तुम्ही डोक्यात काय राहिलं ते तपासता, आणि प्लांट तपासतो की गडबड झाली तेव्हा हात कुठे गेला. ह्या दोन्हींत जे अंतर आहे ते आम्ही शिफ्टवर भरून काढतो, आणि दर वेळी ते भरून निघतंच असं नाही.

नवीन आलेल्या पोराला विचारा, तो धडाधड बोलतो. अमोनिया म्हणजे आर-717, वातावरणाच्या दाबाला उणे 33 डिग्रीला उकळतो, 25 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) वर दिवसभर काम करायचं नाही, 300 पीपीएमला जिवाला धोका, हवेत साधारण 15 ते 28 टक्के झाला तर पेट घेऊ शकतो, तांबं-पितळ खातो म्हणून पाईपिंग लोखंडाचं. सगळं बरोबर. हे पाठ असायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. मग मी त्याला ऑइल पॉटसमोर (कॉम्प्रेसरमधून अमोनियाबरोबर वाहून आलेलं ऑइल जिथे साठतं ते भांडं) उभा करतो आणि म्हणतो, चल, ऑइल काढ. तिथे गाडी थांबते.

ऑइल ड्रेनिंगबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण अमोनिया प्लांटवर माणसं भाजतात त्यातली बरीच ह्याच कामात भाजतात आणि तुमच्या पेपरात ह्यावर प्रश्न कोणता असतो तर "ऑइल आणि लिक्विड अमोनिया यांपैकी जड कोण?" अहो जड ऑइलच, ते अमोनियात नीट मिसळत नाही, खाली बसतं, म्हणून तर ते तळातून काढतो. पण हे माहीत असून भागत नाही ना. खरं काम असं असतं की आधी पॉटला येणारी लाईन बंद करायची, पॉटचा व्हेंट सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसर गॅस ओढून घेतो त्या लाईनला, उघडा ठेवायचा, आणि मग थांबायचं. नुसतं थांबायचं. पॉटमध्ये ऑइलबरोबर आलेलं लिक्विड उकळून सक्शनला निघून जाईपर्यंत, बाहेरचा बर्फ वितळून पॉट कोरडा दिसेपर्यंत, प्रेशर खाली येईपर्यंत. ह्याला वेळ लागतो, आणि शिफ्ट संपायला आलेली असते, आणि सुपरवायझर फोनवर विचारत असतो झालं का. मग माणूस पॉट गार असतानाच व्हॉल्व्ह उघडतो. गार ऑइल घट्ट असतं, बाहेर येत नाही, थेंब थेंब पडतं, म्हणून तो व्हॉल्व्ह अजून उघडतो, अजून उघडतो, आणि तो घट्ट गोळा एकदम सुटला की त्याच्या मागे लिक्विड अमोनिया उभाच असतो, तो थेट हातावर, तोंडावर. एक लिटर लिक्विडचा साधारण साडेआठशे लिटर गॅस होतो, ही संख्या पोरांना पाठ असते, पण उघड्या व्हॉल्व्हसमोर उभं राहिल्यावर तिचा अर्थ काय हे कुणी दाखवलेलं नसतं.

म्हणूनच ड्रेन लाईनवर स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह लावतात, दांडी हातात धरून ठेवली तरच उघडा राहतो, हात सोडला की आपोआप बंद. साधी सोय, पण जीव वाचवणारी. आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी ती दांडी बाइंडिंगच्या तारेने बांधून ठेवलेली बघितली आहे, खाली बादली, आणि माणूस बाजूच्या खोलीत लॉगबुक भरतोय. तो माणूस सर्टिफाइड होता. लेखी परीक्षेत "सेल्फ क्लोजिंग व्हॉल्व्हचा उपयोग काय" याचं उत्तर त्याने बरोबरच लिहिलं असणार.

तर माझं पहिलं मागणं हे की परीक्षेचा एक भाग एका रिगवर, म्हणजे सरावासाठी जोडलेल्या छोट्या सांगाड्यावर, घ्या. त्यात खरा अमोनिया भरलाच पाहिजे असं नाही, नायट्रोजनच्या हलक्या दाबावर पॉट, व्हॉल्व्ह, गेज, पंप, छोटं व्हेसल एवढं जोडलं तरी पुष्कळ. परीक्षकाने बाजूला उभं राहून बघायचं. पोरगं थांबतं का, गेज बघतं का, हातमोजे-मास्क आधी घालतं की नंतर, दुसरा माणूस बोलावतं का, पाण्याचा शॉवर कुठे आहे ते विचारतं का, सुटकेची वाट कुठल्या बाजूला ठेवून उभं राहतं. ह्यातलं एकही चार पर्यायांत बसत नाही. आणि हो, थांबण्याला मार्क द्या. मुद्दाम घाई करायला लावणारा एखादा परीक्षक ठेवा, "चल रे उशीर होतोय" म्हणणारा, आणि बघा पोरगं ऐकतं का त्याचं.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्ह बंद करण्याची. वाचणाऱ्यातल्या बाहेरच्या माणसाला वाटेल की बंद करण्यात काय शिकायचं, उघडण्यात धोका असतो. पण लिक्विडने भरलेल्या पाईपचे दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद केले आणि ते लिक्विड तापायला लागलं तर ते फुगतं, त्याला जागा नसते, आणि मग गास्केट जातं नाहीतर व्हॉल्व्हचं बॉडी फाटतं. त्यामुळे पंप किंवा लाईन आयसोलेट करताना, म्हणजे बाकी सिस्टीमपासून वेगळी करताना, क्रम महत्त्वाचा, आधी लिक्विड येणारी बाजू, मग आतलं लिक्विड सक्शनला जाऊ द्यायचं, गेज बघायचं, आणि मगच दुसरी बाजू. वर्गात हे सगळ्यांना कळतं. हातात चावी दिली की दहातले निम्मे लोक जो व्हॉल्व्ह जवळ आहे तो आधी फिरवतात, हा माझा अंदाज आहे, संशोधन नाही, पण कुठल्याही जुन्या फिटरला विचारून बघा.

आता तुम्ही म्हणाल की हे तर छोटं छोटं, रोजचं. मग मोठं सांगतो. 23 ऑगस्ट 2010, अमेरिकेतलं अलाबामा, थिओडोर नावाचं ठिकाण, कोल्ड स्टोरेज. आदल्या दिवशी काही तास लाईट गेलेली. सकाळी प्लांट सुरू करताना ऑपरेटरने कंट्रोल सिस्टीमवरचे अलार्म क्लिअर केले, सिस्टीम रिसेट झाली, आणि एक इव्हॅपोरेटर (खोली गार करणारी कॉइल) जो डिफ्रॉस्टमध्ये होता, म्हणजे वरचा बर्फ वितळवायला आत गरम गॅसचं प्रेशर भरलेलं, तो मधली पायरी सोडून थेट कूलिंगला गेला. डिफ्रॉस्ट संपला की आतलं प्रेशर हळूहळू सोडायचं असतं, ते झालंच नाही. गरम गॅस आणि गार लिक्विड एकदम भेटले, पाईपमध्ये हातोडा मारल्यासारखा दणका बसला, छतावरची 12 इंची सक्शन लाईन फाटली, आतली कॉइलही गेली. 14 टनांच्या वर अमोनिया बाहेर. वाऱ्याच्या दिशेला नदीपलीकडे तेलगळती साफ करणारी माणसं काम करत होती, दीडशेच्या वर लोकांना त्रास झाला, 32 जणांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं, त्यातले चौघे आयसीयूत. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने ह्याचा तपास करून सगळं लिहून ठेवलं आहे.

त्या तपासातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट ही की लीक झाल्यावर लोक लगेच इमर्जन्सी स्टॉप दाबायच्या ऐवजी लीक कुठे आहे ते शोधून तेवढाच भाग बंद करत बसले, आणि तोवर पंप चालूच, फाटलेल्या पाईपातून माल बाहेर जातोय. बोर्डाने स्पष्ट म्हटलं की लीक पटकन आटोक्यात येत नसेल तर इमर्जन्सी बटण दाबा. आता ह्यात ऑपरेटरला शिव्या देणं सोपं आहे, मी देणार नाही, कारण आम्हा सगळ्यांना हीच शिकवण मिळालेली असते की प्लांट बंद पडला की बोलणी खावी लागतात. लाल बटण दाबायला हात धजावत नाही. कुठल्या कोर्समध्ये तुम्ही पोरांकडून ते बटण खरोखर दाबून घेता? एकदा तरी? कंट्रोल सिस्टीममध्ये कुणाला काय बदलता येतं, पासवर्ड कुणाकडे, रिसेट केल्यावर कुठला झोन कुठल्या पायरीवर जातो, हे सिलॅबसमध्ये कुठे आहे? मला तरी डिफ्रॉस्टच्या पायऱ्यांची आकृती सापडते, ती मध्येच तुटली तर काय करायचं हे सापडत नाही. लाईट जाऊन आली तर काय, ह्यावर किमान अर्धा दिवस द्या. प्लांट चालू असताना तो बहुतेक आपला आपणच चालतो, माणूस लागतो तो लाईट गेल्यावर.

आणि कॅनडातलं फर्नी. 17 ऑक्टोबर 2017, बर्फावर खेळायची रिंक, तिथल्या चिलरमध्ये (ब्राइन, म्हणजे खारं पाणी, गार करणारं यंत्र) ट्यूब लीक होऊन अमोनिया ब्राइनमध्ये जात होता, पुढे ब्राइनच्या लाईनमध्ये प्रेशर वाढून जोड सुटला आणि अमोनिया खोलीत भरला. तीन माणसं गेली, त्यातला एक रेफ्रिजरेशनचा टेक्निशियन. तिथल्या टेक्निकल सेफ्टी बीसीच्या तपासात मुख्य बोट कशावर ठेवलं तर लीक असलेला चिलर परत चालू करायच्या निर्णयावर. म्हणजे ब्राइनमध्ये अमोनिया लागतोय हे आधीच माहीत होतं. टेस्ट कशी करायची हे शिकवणं सोपं आहे. टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि वरचा माणूस म्हणाला "चालवा थोडे दिवस", तर टेक्निशियनने काय करायचं, कुणाला लेखी कळवायचं, कुठल्या जोरावर नाही म्हणायचं, हे कोण शिकवणार? तुमच्या सर्टिफिकेटला किंमत तेव्हा येईल जेव्हा त्याच्या मागे "मी हे मशीन चालू करणार नाही" असं म्हणायचा अधिकार लिहिलेला असेल, आणि असं म्हटलं म्हणून नोकरी गेली तर सर्टिफिकेट देणारं मंडळ त्या माणसाच्या बाजूने किमान एक पत्र तरी लिहील. हे माझं दुसरं मागणं, आणि मला माहितीय की हेच तुम्हाला सगळ्यात जड जाणार.

वासाबद्दल एक. "अमोनियाला वास असतो त्यामुळे तो स्वतःच इशारा देतो", हे वाक्य ट्रेनिंगमध्ये इतक्या वेळा म्हटलं जातं की पोरांना वाटतं नाक म्हणजेच डिटेक्टर. वास फार थोड्या प्रमाणातही येतो हे खरं, पण रोज त्याच खोलीत बसणाऱ्याच्या नाकाला तो सवयीचा होतो. दुसरं, गॅस हवेपेक्षा हलका म्हणून वर जाईल हे पाठ केलेलं, आणि लिक्विड फुटलं की जो पांढरा गार ढग होतो तो जमिनीलगत पसरतो हे बघितलेलं नाही. तिसरं, पाणी. अमोनिया पाण्यात विरघळतो म्हणून साठलेल्या लिक्विडवर होज मारायचा, अशी समजूत असलेले कितीतरी भेटतात. पाण्याची उष्णता मिळाली की ते लिक्विड अजून जोरात उकळतं. हवेतल्या गॅसवर पाण्याची फवारणी वेगळी, खाली साठलेल्या लिक्विडवर वेगळी. अंगावर पडलं तर मात्र पाणीच, भरपूर, कमीत कमी 15 मिनिटं, आणि कपडा कातडीला गोठून चिकटला असेल तर ओढायचा नाही, आधी पाण्याने सुटू द्यायचा.

मास्कचं तर विचारू नका. काडतूसवाला मास्क लीकमध्ये घुसायला नाही, बाहेर पळायला आहे, जास्त प्रमाणात गॅस असेल किंवा किती आहे हे माहीतच नसेल तर पाठीवर हवेचा सिलिंडरवाला सेट लागतो. किती कोर्समध्ये पोरांनी तो सेट पाठीवर चढवून, घाम येईपर्यंत शिड्या चढून बघितलंय? दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला बसत नाही, फिट टेस्ट करावी लागते, हे किती जणांना सर्टिफिकेट मिळायच्या आधी सांगितलं?

नियमांचंही बोलू. अमेरिकेत साध्या फ्रीज-एसीच्या गॅससाठी 608 नावाचं सर्टिफिकेट लागतं, अमोनियाला ते लागू नाही, आणि तरी ते दाखवून अमोनियाच्या कामावर येणारे असतात असं ऐकतो. तिथे 10,000 पौंड म्हणजे साडेचार टनांच्या वर अमोनिया असेल तर ओशाचा, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षा खात्याचा, प्रोसेस सेफ्टीचा नियम लागतो, दर तीन वर्षांनी किमान एकदा रिफ्रेशर, आणि त्याच नियमात हेही आहे की माणसाला शिकवलेलं समजलं की नाही हे कशावरून तपासलं ते मालकाने लिहून ठेवायचं. वाचा परत, समजलं की नाही ते तपासायचं. हजेरीच्या सह्या नाही. तिथे रेटा नावाची ऑपरेटर लोकांचीच संघटना आहे, 1910 पासूनची, ती असिस्टंट आणि ऑपरेटर अशा वेगवेगळ्या पायऱ्यांच्या परीक्षा घेते, ही पायऱ्यांची कल्पना मला पटते, सगळ्यांना एकच शिक्का मारण्यापेक्षा बरी. आयएसओचं 22712 हे स्टँडर्डही 2023 मध्ये आलं, फक्त रेफ्रिजरेशनमधल्या माणसांच्या कौशल्यावर. म्हणजे कागदावर पाया आहे, अगदीच शून्यातून सुरुवात करायची नाहीये.

पण एक गोष्ट कुठलाही कागद एकटा करू शकत नाही. दोन अमोनिया प्लांट सारखे नसतात. एकात रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर, दुसऱ्यात स्क्रू, एकात पंपाने लिक्विड फिरतं, दुसऱ्यात नुसतं फ्लडेड, म्हणजे पंपाशिवाय, एकाचं ड्रॉइंग भिंतीवर आहे आणि दुसऱ्याचं कुणीतरी घरी नेलंय (हसू नका, असतं असं). म्हणून सर्टिफिकेटचे दोन तुकडे करा. पहिला तुमचा, माणसाबरोबर फिरणारा. दुसरा त्या प्लांटचा, तिथल्या जुन्या ऑपरेटरने बरोबर फिरून, किंग व्हॉल्व्ह (लिक्विड अमोनियाच्या लाईनवरचा मुख्य व्हॉल्व्ह) दाखवून घेऊन, प्रत्येक आयसोलेशन एकदा करून घेऊन सही केलेला, आणि माणूस दुसऱ्या प्लांटवर गेला की तो तुकडा रद्द. दुसऱ्या तुकड्याशिवाय रात्रपाळीला एकटा सोडायचा नाही. खरं तर कुणालाच एकटा सोडायचा नाही, पण ते मालकांना सांगून सांगून तोंड दुखलं.

मालकांनो, तुम्ही म्हणता शिकवला की पोरगा सोडून जातो. जातो. न शिकवलेला राहतो, हे जास्त भीतीदायक नाही का वाटत? आणि ट्रेनिंग फक्त आमच्यासाठी धरू नका, फोर्कलिफ्टवाला, छतावर वेल्डिंगला आलेला कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, साफसफाईवाली ताई, ह्यांना निदान दोन तास द्या, कारण खोलीतल्या कॉइलला फोर्क लावून लीक करणारा माणूस आमच्या डिपार्टमेंटचा नसतो.

शिकवणाऱ्या मास्तरांबद्दल राग नाही. काही जण फार जीव लावून शिकवतात, स्वतः फुटलेले गास्केट, खराब झालेले सेफ्टी व्हॉल्व्ह पिशवीत घेऊन येतात आणि हातात देतात. एकाने मला रिलीफ व्हॉल्व्हच्या (जादा प्रेशर बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह) तोंडात साठलेला गंज बोटाने काढून दाखवला होता, त्यानंतर 'दर पाच वर्षांनी हे व्हॉल्व्ह बदलायचे' हा नियम मला परत वाचावा लागला नाही. अशा मास्तरांना तीन दिवसांचा कोर्स दीड दिवसात संपवायला लावू नका, एवढंच.

शेवटी रिन्यूअल. तास मोजून, सेमिनारला बसून, चहा पिऊन रिन्यू होतं ते बंद करा असं नाही म्हणत, पण त्याच्या सोबतीला माणसाचं लॉगबुक मागवा. मागच्या वर्षात किती वेळा ऑइल काढलं, लाईट गेल्यावर प्लांट कसा उठवला, किती वेळा काम थांबवलं आणि का. ज्याने तीन वर्षांत एकदाही काहीच थांबवलं नाही त्याला समोर बोलावून दहा मिनिटं बोला.

तुमच्या पुढच्या बॅचच्या प्रॅक्टिकलची मार्कांची शीट जेव्हा तयार होईल तेव्हा ती छापायच्या आधी आम्हा शिफ्टवाल्यांना दाखवा. आम्ही पेन्सिलने खुणा करून परत देऊ, मानधन नको, फक्त ती शीट ऑफिसात बसून नव्हे तर कॉम्प्रेसर रूममध्ये उभं राहून एकदा वाचली जावी.

आपला,
रात्रपाळीचा एक ऑपरेटर